भिंगरीची सोलेआ

नव्या बुटांच्या टाचांना बारीक खिळे ठोकलेले होते आणि त्यांचा आवाज भिंगरीला इतका आवडला होता, की ती थांबायला तयारच नव्हती. ठक्-टक्... ठक्-टक्-ठक्! लाकडी जमीन घुमत होती, आरशासमोरच्या बाकीच्या बायका नाच सोडून तिच्याकडेच बघत होत्या, कोपऱ्यात गिटारकाका मान डोलवत होते... आणि नेमकं तेव्हाच दार उघडून एक उंच माणूस आत आला. अंगात पांढरा कोट, हनुवटीखाली ओढलेला मास्क, एका हातात रबरी मोजा. दुसरा मोजा बहुधा घाईत खालीच राहिला होता.

"माफ करा," तो म्हणाला, "पण इथे नक्की काय पाडताय?"

"काही पाडत नाही, शिकतोय," भिंगरी धापा टाकत म्हणाली. "फ्लामेंको!"

"असं होय." त्यानं शांतपणे मान हलवली. "मी खालच्या मजल्यावरचा. दातांचा डॉक्टर. खुर्चीत एक आजोबा आहेत. मी त्यांना म्हटलं, आता काही जाणवणारसुद्धा नाही... आणि छत धाडधाड वाजायला लागलं. ते माझ्या बोटाला चावले."

वर्गात हशा पिकला. भिंगरीनं तोंडावर हात धरला, पण डोळे काही ऐकेनात.

"फार लागलं का हो?"

"बोट शाबूत आहे. विश्वास गेला आजोबांचा."

शिकवणाऱ्या बाईंनी त्याला शब्द दिला की आजोबा जाईपर्यंत टाचा उचलायच्या नाहीत, नुसते हात चालवायचे. तो गेला. आणि तासाचा शेवट जवळ आला तेव्हा पुन्हा दारात हजर! या वेळी कोट नव्हता.

"आजोबा गेले... म्हणजे घरी गेले. आता चालू द्या."

"हे सांगायला जिना चढून आलात?" भिंगरीनं विचारलं.

तो कान खाजवू लागला. बाई मात्र जुन्या खेळाडू. परदेशात राहून हा नाच शिकलेल्या, केस पांढरे झालेले, पण नजर अशी की माणूस उभा राहतो कसा यावरून त्याची कुंडली सांगतील. त्यांनी त्याला गिटारकाकांशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "हात रिकामे आहेत ना? मग टाळी द्या. तळव्यांची खोलगट वाटी करा. अशी. आवाज दबका आला पाहिजे."

त्यानं टाळी दिली. एक, दोन, तीन, चार... बाईंनी मुद्दाम गिटार मध्येच थांबवली, मध्येच पळवली, पण याची टाळी जागची हलली नाही. घड्याळानं शिकवणी लावावी अशी.

"कुठे शिकलात?" बाईंनी विचारलं.

"कुठे नाही. माझा स्वभावच संथ आहे."

"देवानं पाठवला गं बाई," बाई म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून दवाखाना बंद झाला, की डॉक्टर वर येऊन टाळी द्यायला बसू लागला.

भिंगरीबद्दल सांगायला हवं. हे नाव तिच्या दादानं लहानपणी ठेवलेलं, कारण पायाला भिंगरी लागल्यासारखी ती घरभर फिरायची. पुढे ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून भिंगं बसवायला लागली आणि नाव दोन्हीकडून शोभू लागलं. बोलणं चुरचुरीत, हसणं खळखळून. दुकानात आलेली माणसं चष्मा एक घ्यायला यायची आणि दोन घेऊन जायची.

पण दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरून मोडलं होतं. हॉल ठरलेला, कपडे शिवून आलेले. एका संध्याकाळी त्या मुलाचा फोन आला... "मला नाही जमणार." इतकंच. भिंगरी तेव्हाही हसली होती. "बरं झालं, आधीच कळलं," असं सगळ्यांना तिनंच समजावलं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो, किती लवकर सावरली! एक वहिनी तेवढी काही बोलली नाही. तिनं गुपचूप जाऊन या नाचाच्या वर्गात भिंगरीचं नाव घातलं.

आणि भिंगरी रमली. आधी आला तांगोस. चार ठोक्यांचा, खट्याळ, कमरेवर हात ठेवून डोळा मारल्यासारखा. तो तिला एका दमात आला. मग आलेग्रियास. हा बारा ठोक्यांचा, पण बारांवर सारखा जोर नाही. तिसऱ्यावर, सहाव्यावर, आठव्यावर, दहाव्यावर आणि बाराव्यावर. आधी ऐसपैस, मग चटचट. बाकीच्या बायका बोटं मोजत बसल्या, भिंगरी नाचून मोकळी झाली.

"आता नीट ऐका," एकदा बाई म्हणाल्या. "हेच बारा ठोके खुशीत नाचलात तर आलेग्रियास. बेभान होऊन पळवलेत तर बुलेरियास. आणि संथ, जड पावलांनी नाचलात तर सोलेआ. सोलेआ म्हणजे एकटेपण. तिघी सख्ख्या बहिणी, पण स्वभाव तीन तऱ्हांचे."

"म्हणजे आमच्या आत्यांसारखं," भिंगरी म्हणाली. सगळ्या हसल्या. स्टुलावरून डॉक्टरही हसला... आणि ते हसू दातांच्या डॉक्टरला शोभेल असंच होतं, हे भिंगरीनं पटकन टिपून घेतलं.

वर्ग सुटला की जिन्यात दोघं थांबायची. बाहेर भुरभुर पाऊस असला, की थांबायला कारण असायचं. नसला तर ती बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधायची.

"तुम्ही दिवसभर लोकांच्या तोंडात बघता. कंटाळा नाही येत?"

"येत नाही. तोंड उघडं असलं की माणसं बोलत नाहीत. मला ते बरं पडतं."

"म्हणजे माझ्याशी बोलायचा त्रासच होत असेल."

"तुमचं वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे कसं?"

"शोधतोय शब्द," तो म्हणाला. "सापडला की सांगतो."

असा हा माणूस. पण घरी जाताना भिंगरी ते एक वाक्य गोळीसारखं चघळत जायची.

एका दुपारी तो तिच्या दुकानात आला. संध्याकाळी बारीक काम करताना डोळे दुखतात म्हणाला. तिनं त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. हनुवटी इथे टेका, कपाळ पट्टीला लावा. बारीक दिव्याचं यंत्र घेऊन ती त्याच्या अगदी जवळ वाकली.

"समोर बघा. माझ्या कानाकडे."

"डोळ्यांकडे नाही?"

"नियम कानाचा आहे."

"बरं," तो म्हणाला. "कानही चांगला आहे."

तिनं दिवा पटकन बाजूला ठेवला. मग तिनं भिंगं बदलायला घेतली. "हे बरं दिसतं... की हे?"

"सारखंच वाटतंय. पुन्हा दाखवा ना."

"डॉक्टर, हे तुम्ही मघाशीही म्हणालात."

"मग अजून एकदा."

"तुमचा नंबर अगदी किरकोळ आहे," ती कशीबशी गंभीर होत म्हणाली. "चष्मा करून देते. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला या."

त्यानं हनुवटी यंत्रावरून उचलली.

"सहा महिन्यांनी मी इथे नसेन," तो म्हणाला. "बाबाही दातांचेच डॉक्टर आहेत, आमच्या गावी. त्यांचे हात थरथरायला लागलेत. कबूल करत नाहीत, पण आई फोनवर रडते. दवाखाना मलाच सांभाळायला लागणार. इथलं मी थोड्या दिवसांसाठीच घेतलं होतं."

"अरे वा!" भिंगरी खळखळून हसली. "घरचं जेवण, घरचं अंथरूण! मजा आहे बुवा तुमची!"

त्यानं अंधारात तिच्याकडे पाहिलं. कानाकडे नाही. "तुम्ही नेहमी अशाच हसता?"

"अशाच म्हणजे?"

"काही दुखलं की."

भिंगरीनं उठून दिवा लावला.

वर्षाअखेरचा कार्यक्रम जवळ आला होता. बाईंनी प्रत्येकीला एकेक नाच दिला आणि भिंगरीच्या वाट्याला सोलेआ आली. आलेग्रियास मिळणार म्हणून ती निश्चिंत होती. तिचा चेहराच पडला.

सोलेआची सुरुवात नुसतं उभं राहण्यानं होते. गिटार वाजते, गाणारी आपलं दुःख उलगडते, आणि नाचणारीनं ते ऐकत उभं राहायचं. आपली वेळ आली की मग पहिलं पाऊल. भिंगरीला ते उभं राहणंच जमेना. वर्गात गायच्या त्या बाईच; त्यांचा सूर लागतो न लागतो तोच तिची टाच पडायची. मग ती सगळं इतक्या घाईनं संपवायची, की गिटारकाकांच्या बोटांना घाम फुटायचा.

"अगं, गाडी सुटतेय का तुझी?" बाई एकदा कडाडल्या. "दुःख सांगतेस की बातम्या वाचतेस?"

त्या दिवशी जिन्यात ती डॉक्टरवरच उखडली. "मी काही पळत नाही! बाईंना उगाच वाटतं."

"पळता," तो हळूच म्हणाला. "मी टाळी देतो ना, मला कळतं. सोलेआत दहाव्या ठोक्यावर पाऊल थांबतं, आणि मग शेवटचे दोन पायांसाठी रिकामेच असतात. तुम्ही नेमके ते दोन खाता. दर वेळी."

"रिकाम्या ठोक्यांत काय करायचं असतं?"

"काही नाही. थांबायचं असतं."

"तुम्हाला काय होतंय सांगायला!" तिचा आवाज चढला. "तुम्ही तर चाललातच! जाणाऱ्यानं थांबायच्या गोष्टी शिकवू नयेत!"

बोलून गेली आणि स्वतःच दचकली. खालच्या पायरीवर तो तसाच उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, शब्द शोधू लागला... आणि भिंगरी दोन-दोन पायऱ्या उतरत त्याच्या बाजूनं निघून गेली.

त्यानंतर ती वर्गाला गेलीच नाही. तो दुकानात आला, तर मालकांकडून आत काम चाललंय असं सांगवलं. चष्मा घ्यायच्या निमित्तानं पुन्हा आला, तेव्हाही तेच. पडद्याआडून तिला त्याची पावलं ऐकू आली. अडखळली, थांबली, गेली.

सुट्टीच्या दिवशी ती आणि वहिनी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. भिंगरी काहीतरी गमतीचं सांगत होती. वहिनी हसली नाही.

"त्या वेळचं आठवतं का गं?" वहिनी म्हणाली. "लग्नाचे कपडे परत करायला आपण दोघी गेलो होतो. तू शिंप्याशी इतकी हसतखेळत बोललीस, की शेवटी तोच डोळे पुसायला लागला. मी तेव्हाच मनात म्हटलं, हिच्या वाटचं दुसरंच कोणी रडतंय."

"मग मी काय करायला हवं होतं? ऊर बडवायला हवा होता?"

"चार दिवस तोंड पाडून बसायचं होतंस. आम्ही होतो ना गं. काही म्हणालो असतो का?"

भिंगरीनं एक शेंग उचलली, फोडली, आणि दाणे तसेच हातात राहिले. मग तिला रडू आलं. नीटनेटकं नाही, चांगलं हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. वहिनीनं मटाराचं ताट बाजूला सारलं आणि तिला जवळ ओढलं. बऱ्याच वेळानं भिंगरी म्हणाली, "वहिनी, मला तो आवडतो गं."

"कोण, दातवाला? ते शेजाऱ्यांनाही कळलंय."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात गेली. गिटारकाकांशेजारचं स्टूल रिकामं होतं. खालच्या दवाखान्याला कुलूप होतं, तेही तिनं चढताना पाहिलं होतं.

"वडील जिन्यावरून घसरले त्याचे," बाई म्हणाल्या. "पाय मुरगळलाय. परवाच गेला सगळं आवरून. तुझ्या दुकानात दोनदा येऊन गेला म्हणे."

भिंगरीनं नुसती मान हलवली. बुटांचे बंद बांधले आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. हसली नाही.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता, दुपारच्या उजेडात. लाकडी खुर्च्या, नातेवाईकांची गर्दी, पुढच्या रांगेत दादा आणि वहिनी. बाकीच्या बायकांचे खेळकर नाच झाले, टाळ्या झाल्या. मग भिंगरी काळ्या घोळदार झग्यात मधोमध येऊन उभी राहिली.

गिटार सुरू झाली. बाईंचा घोगरा, चरे पडलेला आवाज वर चढला. भिंगरीचे पाय जुन्या सवयीनं निघू पाहत होते. तिनं त्यांना थोपवलं. थांबली. तो फोन आठवला, शिंप्याच्या दुकानातले कपडे आठवले, पडद्यापलीकडून परत गेलेली पावलं आठवली. ती काही विसरायला गेली नाही. गाणं संपत आलं तेव्हा तिनं पहिलं पाऊल टाकलं. जड, पूर्ण, आपलं. हात सावकाश वर गेले. दहावा ठोका आला, मग ते दोन रिकामे ठोके आले... आणि ती त्यांच्यात उभी राहिली. गालावरून पाणी ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. फक्त गिटारकाका, वाजवता वाजवता, फ्लामेंकोतली दाद देत, स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "ओले!"

नाच संपल्यावर बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आता आलीस तू," एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "त्याच्या गावाला गाडी कुठून जाते, सांगू का?"

फोन करता आला असता. पण फोनवर माणसाला काय काय ऐकायला मिळतं हे भिंगरीला पुरेपूर ठाऊक होतं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या गाडीनं ती निघाली.

गाव लहान, सरळ एका रस्त्याचं. दवाखाना शोधायला वेळ लागला नाही. आत शिरली तर समोर पायाला पट्टी बांधलेले, काठी टेकलेले एक म्हातारे गृहस्थ. नाक अगदी त्याचंच.

"या, बसा," ते म्हणाले. "कोणता दात?"

"नाही हो, मी..."

"घाबरू नका. आ करा."

तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनं आ केला. त्यांनी बारीक आरसा तिच्या तोंडात घातला. हात थरथरत होता, आरसा दातांवर टिक्-टिक् वाजत होता. ती हलली नाही. बाबा एकेक दात मन लावून बघत राहिले आणि ती त्यांना बघू देत राहिली. कित्येक दिवसांत कोणी त्यांच्या हाताखाली इतकं स्वस्थ बसलं नसावं.

तेवढ्यात आतून तो आला. हातात अवजारांचा ट्रे. तिला खुर्चीत पाहिलं मात्र... ट्रे असा खणखणला, की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"माझा हात वयानं थरथरतो," बाबा मागे वळून म्हणाले. "तुला काय झालं?"

त्यानं ट्रे घाईनं टेबलावर ठेवला. तिच्या तोंडात अजून आरसाच होता. बाबांनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि आरसा काढून घेतला. "दात ठणठणीत आहेत हिचे. बाकीचं दुखणं तूच बघ," असं म्हणून काठी टेकत आत गेले.

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली. रस्ता उन्हानं लख्ख झाला होता.

"नाचलीस?" त्यानं विचारलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, त्यालाही कळलं नसावं.

"नाचले."

"शेवटचे दोन?"

"तेही. पूर्ण." ती त्याच्याकडे वळली. "ऐका. मी आत असूनही तुम्हाला दोनदा परत पाठवलं, ते चुकलं माझं. आता जे सांगतेय ते हसत सांगत नाहीये, बघा माझ्याकडे. मला तुम्ही आवडता. फार आवडता. तुम्ही नाही म्हणालात, तर मी रडत रडत गाडीत बसेन. पण बसेन नीट. पळणार नाही."

तो बोटं एकमेकांत गुंतवत राहिला. "मला बोलायला वेळ लागतो."

"लागू दे. गाडी संध्याकाळी आहे."

तो हसला. मग गंभीर झाला. "दोनदा दुकानात आलो, ते हेच सांगायला. तू आवडतेस मला... म्हणूनच सांगवेना. बाबांना सोडून मला जाता यायचं नाही. आणि तुला इथे ये म्हणायचं, तर तुझं काम तिकडे, नाच तिकडे. कुठल्या तोंडानं म्हणू?"

भिंगरी रस्त्यापलीकडे बघत होती. समोरच्या दुकानाच्या पायरीवर एक आजी हातातला कागद लांब धरून, डोळे बारीक करून वाचायची खटपट करत होती. कागद आणखी लांब गेला. हात संपला, पण अक्षर काही लागेना.

"गावात चष्म्याचं दुकान आहे का?" भिंगरीनं विचारलं.

"नाही. लोक शहरात जातात. नाहीतर असंच भागवतात."

"आणि एखादा रिकामा गाळा?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "आमच्या शेजारचाच आहे," तो सावकाश म्हणाला. "पण नाच...?"

"शनिवारी तिकडे, रविवारी परत. बाई सुट्टी देतील असं वाटतं का तुला? ओढत नेतील." ती उठली, कपडे झटकले. "दाखव की गाळा. उजेड कुठून येतो ते मला बघायचंय."

तो उठला. आणि हा संथ स्वभावाचा माणूस किल्ली आणायला चक्क धावत आत गेला.